बीपी वाढलंय? एकदा शिशाबद्दलही विचारा

आमचे काका सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. दिवसभर केससमोर, म्हणजे अक्षरांच्या खणांच्या पेटीसमोर, उभं राहायचं, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक धरायची आणि उजव्या हातानं एकेक अक्षर उचलून ओळ भरायची. मराठीची केस मोठी. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळ्यांचे वेगळे खण. त्यामुळे बोटांना विसावा नसायचा, आणि संध्याकाळी ती शिसपेन्सिलीसारखी करडी झालेली असायची. दुपारी त्याच हातांनी ते डबा उघडत, त्याच हातांनी तंबाखू मळत. शिसं बाधू नये म्हणून छापखान्यात गुळाचा खडा खायची पद्धत होती, ती मात्र त्यांनी कधी चुकवली नाही.

पन्नाशीत त्यांना रक्तदाब निघाला, साठी ओलांडल्यावर हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सगळं विचारलं. मीठ किती खाता, तंबाखू किती, वडिलांना काय होतं, चालायला जाता का. काम काय करत होता, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्यांचं हृदय शिशामुळेच बिघडलं असं मी म्हणणार नाही. तंबाखू होतीच. पण तो प्रश्न विचारला जायला हवा होता, एवढं मला आज नक्की वाटतं. तुमच्या घरातल्या माणसासाठी तो विचारला जावा म्हणून हे लिहितो आहे.

पुणं हे अक्षरांचं शहर. 1878 मध्ये चित्रशाळा छापखाना आणि 1881 मध्ये 'केसरी' सुरू झाला, त्यानंतर पुढची शंभर वर्षं शनिवार, सदाशिव आणि नारायण पेठांत खिळ्यांच्या केसी खडखडत होत्या. हे खिळे म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शिशाचा. पुढे ऑफसेट आणि संगणक आले, केसी भंगारात गेल्या. ते काम करणारी माणसं आज सत्तर-पंचाहत्तरीची आहेत. खिळे सुटले म्हणून शिसं सुटलं असं होत नाही, कारण या धातूचा हिशेबच निराळा आहे.

श्वासातून किंवा पोटातून आत गेलेलं शिसं आधी रक्तात येतं. नवीन भर पडणं थांबलं, तर रक्तातलं प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. पण सगळंच बाहेर पडत नाही. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं आणि ते हाडांत साठवलं जातं. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत असतं, आणि तिथून ते निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. ही बँकेतल्या मुदत ठेवीसारखी गोष्ट आहे, फक्त व्याज आपल्याला भरावं लागतं. हाडं झिजू लागली की ठेव मोडते आणि शिसं पुन्हा रक्तात उतरतं. म्हणून पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत बायकांच्या रक्तातलं शिसं वाढलेलं आढळतं. गरोदरपणातही हाडांतून कॅल्शियम निघताना सोबत शिसं निघतं आणि ते बाळापर्यंत पोचतं.

हृदयाचा संबंध कुठे येतो? कॅल्शियमच्या जागी घुसणारं शिसं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंच्या कामात ढवळाढवळ करतं. रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आपलं शरीरच तयार करत असतं, तो कमी पडतो. वाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. मूत्रपिंडं हळूहळू दुखावतात, आणि रक्तदाबाची सूत्रं त्यांच्याच हातात असतात. हे सगळं कुठलंही दुखणं न जाणवता, वर्षानुवर्षं चालू राहतं.

आकडेही सांगतो, कारण ते न सांगता घाबरवणं बरोबर नाही. अनेक अभ्यास एकत्र करून 2002 मध्ये मांडलेल्या एका विश्लेषणात रक्तातलं शिसं दुप्पट झालं की वरचा रक्तदाब सरासरी 1 मिलिमीटरनं वाढतो असं निघालं. एका माणसासाठी हे फार नाही. 120 चं 121 झालं म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. पण लाखो लोकांचा रक्तदाब एकेक मिलिमीटरनं सरकला की हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्ण वाढतात. शिवाय शिशाचं नुकसान फक्त रक्तदाबातून होत नाही. अमेरिकेत 14,289 प्रौढांचा जवळजवळ वीस वर्षं मागोवा घेऊन 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तात शिसं 1 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर असलेल्या माणसांच्या तुलनेत 6.7 असलेल्यांचा हृदयविकारानं मृत्यू होण्याचा धोका 70 टक्क्यांनी जास्त दिसला. या आकड्यांकडे नीट पाहा. पूर्वी 10 च्या खाली असलं की निश्चिंत व्हा, असं सांगितलं जायचं. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी 2023 मध्ये अंदाज मांडला की 2019 या एका वर्षात जगभरात 55 लाख प्रौढ शिशामुळे झालेल्या हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी दगावले. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण 2023 मध्येच अमेरिकन हार्ट असोसिएशननंही शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयविकाराचे धोके म्हणून गंभीरपणे घ्या, असं डॉक्टरांना सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना तर शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाही.

दिलासा देणारे आकडेही आहेत. मुंबईत 1997 मध्ये तपासलेल्या मुलांपैकी सुमारे 62 टक्के मुलांच्या रक्तात शिसं 10 च्या वर होतं. पेट्रोलमधून शिसं काढल्यानंतर झालेल्या तपासणीत हे प्रमाण 33 टक्क्यांवर आलं. देशभर शिसंविरहित पेट्रोल 2000 सालापासून आलं. म्हणजे स्रोत बंद केला की रक्त सुधारतं, हे आपल्या दारातच सिद्ध झालेलं आहे. पण पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुणेकरानं लक्ष्मी रोडवर, स्वारगेटला, डेक्कनला तो जुना धूर वर्षानुवर्षं घेतला आहे, आणि त्याचा काही भाग हाडांत आहे.

आता घराकडे वळू. पेट्रोल गेलं, तरी शिसं येण्याच्या वाटा उरल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या हातात आहेत.

स्वयंपाकघरात सर्वांत आधी हळद. हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचं रंगद्रव्य चोळलं जातं. त्यात शिसंही आहे आणि क्रोमियमही. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या हळदीत ते सापडलं. सरकारनं छापे घातले, लोकांना सांगितलं, आणि दोन वर्षांत ते प्रमाण शून्यावर आलं. आपल्याकडे हळद पॉलिश करताना रंग देण्याची सवय सर्वत्र संपली आहे असं धरून चालू नका. सांगलीची हळद 2018 पासून भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, आणि हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या हळदीचं नाव आपण सगळे ऐकून आहोत. पण मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटी हळद घेताना ती कुठून आली हे दुकानदारालाही नेहमी ठाऊक नसतं.

म्हणून मी इतकंच करतो. हळकुंडं मातकट, थोडी मळकट दिसणारी घेतो. चमकणारी घेत नाही. पाण्याच्या काचेच्या पेल्यात एक हळकुंड टाकून पाहतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, सुचवलेली ही साधी पारख आहे. चांगलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही, रंगवलेलं पटकन पाणी पिवळं करतं. मग डंकावर समोर उभं राहून दळून आणतो. पेल्याची ही परीक्षा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, हे लक्षात असू द्या. तयार पावडर घ्यायची असेल तर सीलबंद पाकीट, त्यावर परवाना क्रमांक आणि बॅच नंबर असलेलं. हळदीतल्या शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे नमुना तपासणीची तक्रार करता येते, आणि ती करावी. माझ्या एकट्याच्या घरातली हळद शुद्ध असून शहराचं काम भागत नाही.

मग भांडी. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही घडवण कामाचा आवाज येतो, आणि मला तो आवाज प्रिय आहे. घराघरांत तांब्या-पितळेची भांडी परत येऊ लागली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पितळी पातेल्यात आमटी करायची तर आतून कल्हई हवी, आणि कल्हई म्हणजे शुद्ध कथील. कथील शिशापेक्षा कित्येक पटींनी महाग. ते 232 अंशांना वितळतं, आणि त्यात शिसं मिसळलं की मिश्रण त्याहूनही कमी तापमानाला वितळून भांड्यावर छान पसरतं. स्वस्त आणि सोपं, म्हणून ही भेसळ होते. डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. भांड्याला लावलेली पांढरीशुभ्र कल्हई खरी की शिशाची, हे मलाही कळत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही.

उपाय दोन. ओळखीच्या कल्हईवाल्याकडे जा आणि त्याला सरळ विचारा, कथील कुठून घेता. आम्ही आता कथलाची कांडी स्वतः विश्वासू व्यापाऱ्याकडून आणून देतो आणि मजुरी त्याला देतो. चांगला कारागीर याचं वाईट वाटून घेत नाही, उलट त्याला बरं वाटतं. दुसरं, ज्या भांड्याच्या कल्हईची खात्री नाही त्यात आंबट काही शिजवू नका आणि ठेवू तर मुळीच नका. चिंच, कोकम, टोमॅटो, दही, ताक, लिंबू. आम्ल जितकं जास्त आणि अन्न जितका वेळ भांड्यात राहील, तितका धातू उतरतो. सोलकढी पितळेच्या भांड्यात रात्रभर ठेवायचीच नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दलही एक गोष्ट नव्यानं पुढे आली आहे. भंगार वितळवून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि हिंडालियमच्या काही भांड्यांतून शिसं उतरतं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2025 मध्ये जाहीर केलं, आणि त्यात भारतातून गेलेली भांडीही आहेत. परदेशातल्या लेकी-सुनांना पाठवायच्या सामानात कढई घालताना हे आठवा. मिश्र भंगारातून कुठला धातू आत गेला, हे ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही. रोजच्या स्वयंपाकाला चांगलं स्टील किंवा बिडाची कढई घेतली की हा प्रश्न राहत नाही.

आणि वर्तमानपत्रात बांधलेला वडापाव. शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात म्हणून एफएसएसएआयनं 2023 मध्ये पुन्हा बजावलं आहे की अन्न वर्तमानपत्रात बांधू नका. गरम, तेलकट पदार्थ शाई लवकर ओढतो. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला पळसाची पत्रावळ किंवा कोरा कागद वापरायला सांगा. चार गिऱ्हाइकांनी सांगितलं तर तो ऐकतो.

देवघरातली गोष्ट जपून सांगतो. मारुतीला, गणपतीला चढवायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तेलात कालवलेलं. देवाला शेंदूर चढवण्याची श्रद्धा तिच्या जागी आहे. फक्त तो शेंदूर बोटानं तोंडाशी जाऊ नये, तान्ह्याच्या कपाळी लागू नये, आणि ते हात धुतल्याशिवाय प्रसाद वाटला जाऊ नये. कपाळाला लावायचं कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार देऊन करायची आपली जुनी रीत आहेच, तसं कुंकू घ्या. डोळ्यांत घालायच्या पारंपरिक सुरम्यात शिशाचं गंधकाशी झालेलं संयुग असतं, ते बाळांच्या डोळ्यांत घालू नये.

आयुर्वेदाच्या औषधांबद्दलही जपूनच सांगतो. रसशास्त्रात शिशाला नाग म्हणतात आणि नागभस्म हे जुनं औषध आहे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. तुम्ही वैद्यांचं औषध घेत असाल तर ते एकदम सोडू नका. वैद्यांना विचारा, यात कुठलं भस्म आहे का, शिसं आहे का. पण लेबल नसलेली पुडी, गोळी किंवा चूर्ण, मग ते संधिवातासाठी असो की साखरेसाठी, कुणी कितीही प्रेमानं आणून दिलं तरी घेऊ नका.

घराच्या भिंती आणि दारं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नसावं, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत, ते भरपूर असू शकतं. पेठांतल्या वाड्यांची दारं, गजांच्या खिडक्या, लाकडी जिने यांच्यावर रंगाचे सात-आठ थर चढलेले आहेत. दसरा-दिवाळीच्या तोंडावर ते कोरडे घासले की जी बारीक धूळ उडते, ती घरातल्या सगळ्यांच्या श्वासात जाते. रंगाऱ्याला सांगा, कोरडं घासू नका, पाणी मारून घासा. मशीन लावून किंवा जाळून रंग काढू नका. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत दुसरीकडे राहू देत. फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दलचा उल्लेख वाचा, सुटा किंवा बिननावाचा रंग घेऊ नका. रंगारी स्वतः हे काम आयुष्यभर करतो, त्याला मास्क आणि हात धुवायला साबण देणं ही आपलीच जबाबदारी.

नळाचं पाणी उकळल्यानं शिसं जात नाही. जुने पीव्हीसी पाइप आणि पितळी तोट्या यांतून ते थोडं थोडं येऊ शकतं. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी सकाळी आधी झाडांना सोडा, मग पिण्याचं भरा. गीझरचं गरम पाणी चहाला, भाताला घेऊ नका.

कामावरचं शिसं मात्र घरातल्यापेक्षा किती तरी पटींनी मोठं असतं, आणि माझ्या मते पुण्यात सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. कराडच्या कृष्णा इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी सुमारे 2006-07 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांचं, चांदीचे दागिने करणाऱ्यांचं आणि स्प्रे पेंटर्सचं रक्त तपासलं होतं. तिन्ही गटांत शिसं वाढलेलं होतं आणि त्याचे परिणाम यकृत व मूत्रपिंडांच्या तपासण्यांतही दिसत होते. इन्व्हर्टर आणि गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून शिशाच्या प्लेटा वितळवणं हे सर्वांत धोक्याचं. बॅटरी नेहमी नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी, असं 2022 चे नियम सांगतात. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे जास्त देतो म्हणून जुनी बॅटरी त्याला विकू नका. नवी घेताना दुकानदाराला परत द्या. तुम्हाला चार पैसे जास्त मिळतात, तेव्हा त्याच्या घरातल्या मुलाच्या रक्तात शिसं वाढतं.

पासोड्या विठोबाच्या आसपास आणि शहरभर रेडिओ, टीव्ही, मोबाइल दुरुस्त करणारे जे डाख वापरतात त्यात बहुतेक वेळा चाळीस टक्क्यांच्या आसपास शिसं असतं. डाख देतानाच्या धुरात शिसं फारसं नसतं, तो धूर फ्लक्सचा असतो. खरा धोका बोटांवरचा. तार दातांत धरायची सवय, काम करता करता चहा-बिस्कीट, मावा. तसंच बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर. महाराष्ट्राला नेमबाजीचा अभिमान आहे. कोल्हापूरच्या आणि पुण्यात सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणल्यापासून कितीतरी पालक मुलांना एअर रायफलला घालत आहेत. त्यातले छर्रे शिशाचे असतात. मुलांना नेमबाजी जरूर शिकवा. फक्त सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका, आणि छर्रे तोंडात धरू देऊ नका.

बॅटरी, भंगार, ओतकाम, स्प्रे पेंटिंग, चांदी गाळणं यांतलं काम घरात कुणी करत असेल तर कामाचे कपडे कामावरच बदलावेत, वेगळे धुवावेत, आणि आंघोळ झाल्याशिवाय नातवाला उचलू नये. उपाशीपोटी कामावर जाऊ नये. रिकाम्या पोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं. छापखान्यातला गूळ शिसं बाहेर काढत नव्हता, पण पोटात काही असणं उपयोगाचं होतं, एवढं त्या जुन्या रीतीत तथ्य. उपासाच्या दिवशी शिशाचं काम करणाऱ्यानं निदान दूध-केळं घेऊन जावं. कॅल्शियम आणि लोह पुरेसं असलं की शिशाला आत जायला जागा कमी मिळते. नाचणी, तीळ, दूध-दही, पालेभाजी, सोबत लिंबू किंवा आवळा. रक्त कमी असलेल्या बाईनं आणि मुलानं लोहाची कमतरता आधी भरून काढावी.

कामगारांनी हेही माहीत ठेवावं की शिशाची विषबाधा हा कायद्यानं सरकारला कळवणं बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे. राज्य विम्याचं कार्ड असेल तर बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात आपलं काम कोणतं हे स्पष्ट सांगून तपासणी मागा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

आता तपासणी. सरसकट प्रत्येकानं धावत जाऊन रक्त तपासावं, असं मी म्हणत नाही. पण वर सांगितलेल्या कामांपैकी एखादं तुम्ही करता किंवा केलं आहे, किंवा रक्तदाब तरुण वयात निघाला आणि तीन औषधांनीही आटोक्यात येत नाही, किंवा कारण न कळता मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढतंय, किंवा घरात कुणी शिशाचं काम करतं आणि लहान मूल आहे, तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. दंडातल्या शिरेतून रक्त घेऊन करायची ही तपासणी आहे. पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळा ती करतात किंवा नमुना बाहेर पाठवतात. केसांची, नखांची तपासणी करून 'जड धातू' सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

अहवाल आल्यावर मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरमधला आकडा बघा. 3.5 च्या वर मुलांमध्ये दखल घ्यावी, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी 2021 पासून म्हणते. 5 किंवा जास्त असलं तर स्रोत शोधून तो बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडा कमी आला, तरी हाडांतल्या जुन्या ठेवीबद्दल तो फारसं सांगत नाही, कारण रक्त हे गेल्या काही आठवड्यांचंच सांगतं. म्हणून पूर्वी शिशाचं काम केलेल्या माणसानं रक्तातलं शिसं कमी आलं तरी आपला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि मूत्रपिंडं अधिक काटेकोरपणे सांभाळावीत. शिसं हे तंबाखूच्या जागी आलेलं कारण नाही, ते तंबाखूच्या सोबत उभं राहतं. तंबाखू सोडणं, मीठ कमी करणं आणि गोळ्या वेळेवर घेणं याला पर्याय नाही. साठी ओलांडलेल्या बायकांनी हाडांची घनता जपली, तर तीही एका परीनं हृदयाचीच काळजी.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. शिरेतून औषध देऊन 'शस्त्रक्रियेशिवाय ब्लॉकेज साफ' करण्याची, म्हणजे किलेशनची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. शिसं आणि हृदयाचा हा संबंध ऐकल्यावर कुणालाही वाटेल, चला, शिसं धुऊन काढू. हे अमेरिकेत नीट तपासलं गेलं. मधुमेह असलेल्या आणि आधी झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आठवड्याला एक अशा चाळीस सलाइनी दिल्या गेल्या. 2024 मध्ये निकाल आला. रक्तातलं शिसं 61 टक्क्यांनी उतरलं, पण झटके, पक्षाघात आणि मृत्यू कमी झाले नाहीत. किलेशन हे तीव्र विषबाधेवरचं औषध आहे, आणि मोठ्या माणसांत ते साधारणपणे आकडा 50 च्या पुढे गेल्यावर, लक्षणं पाहून, तज्ज्ञच ठरवतात. घरातली माणसं आयुष्यभराची पुंजी अशा सलाइनींवर घालवतात आणि त्या नादात बीपीची गोळी सोडतात. हे थांबवा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या फाइलीत शिशाशी आलेल्या संबंधाची नोंद असलेला एक कागद घालून न्या. डॉक्टरांना विचारायला वेळ नसेल, तर कागद त्यांच्यासमोर ठेवा. काकूंच्या फाइलीत मी आता तो ठेवला आहे, कारण काकांचे काळे झालेले कपडे तीस वर्षं त्याच घरी हातानं धूत होत्या. कागदावर लिहिलं आहे:

वय 76. रक्तदाब 19 वर्षांपासून. पती खिळे जुळवत, 1964 ते 1994. कामाचे कपडे घरी धुतले. पितळी भांड्यांत स्वयंपाक, कल्हई दरवर्षी. वाड्यात राहणं 2006 पर्यंत. भस्म किंवा लेबल नसलेली औषधं: नाही. हाडांची झीज: आहे. रक्तातलं शिसं: अजून तपासलेलं नाही, कृपया सांगावं.